मानधन, पगार आणि कापूस : केळापूर तालुक्यातील एका शिक्षिकेच्या निर्णयाचा अभ्यास

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा येथे स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळेत, म्हणजे आपल्याकडे सरसकट ज्याला ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात अशा शाळेत, सहा वर्षे पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचे नाव २०२४ साली शिक्षक भरतीच्या शासकीय पवित्र पोर्टलच्या निवड यादीत आले आणि चंद्रपूर जिल्हा परिषदेकडून प्राथमिक शिक्षण सेवक म्हणून नियुक्तीचा आदेश त्यांच्या हाती पडला. समुपदेशनात शाळा मिळाली ती जिवती तालुक्यातील, तेलंगणाच्या सीमेकडील डोंगराळ भागातली. वरवर पाहता यात विचार करण्यासारखे काही नव्हते, कारण खाजगी नोकरी सोडून सरकारी नोकरीत जाणे हा आपल्याकडे आनंदाचा प्रसंग असतो आणि त्यासाठी पेढे वाटले जातात. या घरातही ते वाटले गेले. तरीही रुजू व्हायचे की नाही यावर घरात बरेच दिवस काथ्याकूट चालला, आणि तो अवाजवी नव्हता. कुटुंबाच्या सांगण्यावरून त्यांची नावे आणि दोन्ही शाळांची ओळख येथे दिलेली नाही.

घरात सासू-सासरे, पती, त्या स्वतः आणि त्या वेळी चार वर्षांची असलेली मुलगी. पाच एकर कोरडवाहू शेती सासऱ्यांच्या नावावर असून त्यात कापूस, तूर आणि थोडे सोयाबीन घेतले जाते. पती एका कृषी सेवा केंद्रात विक्री आणि उधारीची वसुली पाहतात. दरमहा १३,००० रुपये पगार आणि हंगामाअखेर वसुलीवर कमिशन, असा त्यांचा करार आहे आणि तोही तोंडी.

शिक्षिकेला कॉन्व्हेंटमध्ये हातात पडत असे दरमहा ९,००० रुपये, तेही वर्षातून दहाच महिने. मे आणि जून कोरडे जात. पगारपत्रकावर मात्र याच्या दुपटीहून अधिक रक्कम होती. ती बँकेच्या खात्यावर रीतसर जमा होत असे, आणि त्याच आठवड्यात वरची रक्कम काढून शाळेच्या कार्यालयात रोख परत करावी लागत असे. लिपिकाकडे या परतफेडीची वेगळी वही होती. तीत प्रत्येक शिक्षिकेच्या नावापुढे रक्कम आणि तारीख लिहिली जाई, सही मात्र कोणाचीच घेतली जात नसे. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ ची नियमावली पाहिली, तर मान्यताप्राप्त खाजगी शाळा विनाअनुदानित असली तरी वेतन, रजा आणि सेवासमाप्ती यांची बंधने तिला आहेत, आणि दाद मागायला शाळा न्यायाधिकरणही आहे. परंतु तालुक्याच्या गावात चारदोनच इंग्रजी शाळा असताना आणि त्यांचे संस्थाचालक एकमेकांना ओळखत असताना न्यायाधिकरणापर्यंत जाणारी शिक्षिका पुढच्या वर्षी कोणत्या शाळेत उभी राहणार, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही.

या पगाराला जोड होती घरच्या शिकवणीची. चौदा मुले, प्रत्येकी ४०० रुपये, वर्षातून साधारण नऊ महिने. म्हणजे शाळेचे ९०,००० आणि शिकवणीचे सुमारे ५०,००० मिळून वर्षाला १ लाख ४० हजारांच्या आसपास रक्कम, राहणे स्वतःच्या घरी आणि मुलगी डोळ्यांसमोर.

आता दुसरी बाजू. राज्यात शिक्षण सेवक योजना २००० सालापासून आहे. नव्याने नेमलेल्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे ठोक मानधनावर काम करायचे आणि त्यानंतर त्याला नियमित वेतनश्रेणी मिळायची, असे तिचे स्वरूप. प्राथमिकसाठी हे मानधन दीर्घकाळ ६,००० रुपयांवर अडकून पडले होते, ते १ जानेवारी २०२३ पासून १६,००० झाले. या तीन वर्षांत महागाई भत्ता नाही, घरभाडे नाही, वार्षिक वेतनवाढ नाही. वर्षाचे १ लाख ९२ हजार. त्यातून जिवतीकडे खोलीचे भाडे महिन्याला २,५०० आणि वेगळी चूल मांडण्याचा व वणी, कोरपना, गडचांदूर असा फेरा घेऊन घरी येण्याजाण्याचा खर्च किमान ३,५०० धरला, तर ७२,००० रुपये वजा होतात आणि उरतात १ लाख २० हजार. महिन्याला हाती येणारी रक्कम जवळपास दुप्पट झाली असली, तरी घरात येणारा पैसा वर्षाला वीस हजारांनी घटणार होता. सासूबाईंचा आक्षेप नेमका येथे होता. ‘‘सोळा हजारासाठी लेकरू टाकून जाशीन का?’’ हा त्यांचा सवाल भावनेचा वाटला, तरी त्यात हिशेबही होता.

येथे थोडे थांबून कॉन्व्हेंटचा पगार ९,००० च का, हे पाहणे आवश्यक आहे, कारण सरकारी आणि खाजगी पगारांची तुलना करणारे बहुतेक लोक या दोन्ही रकमा एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे धरून चालतात. वस्तुतः एक दुसरीतून निघते. दोन हजारच्या दशकात जिल्ह्याजिल्ह्यांत डी.एड. विद्यालये निघाली आणि हजारो घरांनी ‘दोन वर्षांत गुरुजी’ या आशेने मुलामुलींना तिकडे पाठवले. २०१० च्या सीईटीनंतर मात्र जिल्हा परिषदांतील प्राथमिक शिक्षकांची मोठी भरती थांबली. २०१७ च्या डिसेंबरात शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी झाली, त्यानंतरची चाचणी थेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधल्या काळात डी.एड. झालेल्यांचे वय वाढत गेले आणि करायचे काय, याचे उत्तर तालुक्याच्या ठिकाणी एकच होते, ते म्हणजे कॉन्व्हेंट. चाचणी निघेपर्यंत हाताला सराव राहावा, लग्नाच्या बोलण्यात ‘शाळेत आहे’ असे सांगता यावे, म्हणून मिळेल त्या पगारावर राहणाऱ्यांची रांग कायम उभी असल्यावर संस्थाचालक जास्त पगार कशाला देईल? या शिक्षिकेने राजीनामा दिल्यानंतर पंधरवड्याच्या आत तिच्या जागी दुसरी डी.एड. झालेली तरुणी आली, आणि ती ८,००० वर आली.

रांग लांब झाली की रांगेतील जागेचा भाव ठरतो, तसा तो येथेही ठरलेला आहे. खाजगी अनुदानित शाळांत पगार शासन देते आणि नेमणूक संस्था करते. त्यामुळे या जागांसाठी लाखांच्या बोली लागतात हे विदर्भात कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. पवित्र पोर्टल आणले गेले ते बरेचसे हाच व्यवहार बंद व्हावा म्हणून. तरीही २०२५ मध्ये नागपूर विभागात शालार्थ या शासकीय वेतनप्रणालीत बोगस आयडी तयार करून शिक्षकांना सरकारी वेतनावर घुसवल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि शिक्षण विभागातील अधिकाऱ्यांपर्यंत अटका झाल्या. आपल्या प्रकरणातील कुटुंबालाही काही वर्षांपूर्वी एका संस्थेने अशी बोली सांगितली होती. ती रक्कम उभी करायची तर दोन एकर विकावे लागले असते. सासऱ्यांनी त्या वेळी नकार दिला.

याच सासऱ्यांनी २०२४ मध्ये सुनेने जावे असा कौल दिला. त्यांचे कारण या अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि ते वेतनश्रेणीचे, पेन्शनचे किंवा प्रतिष्ठेचे नव्हते. ‘‘कापूस बुडला तरी हा पैसा येईन, येवढंच पाह्य, पोरी,’’ एवढेच ते म्हणाले.

या वाक्याचा अर्थ त्या घराच्या जमाखर्चात शोधावा लागतो. शेतीचे उत्पन्न पावसावर आणि भावावर अवलंबून आहे हे उघडच आहे. मुलाचे कमिशन शेतकऱ्यांनी बियाणे-औषधांची उधारी फेडण्यावर अवलंबून आहे, म्हणजे पुन्हा त्याच कापसावर. आणि सुनेचा कॉन्व्हेंटमधला पगार? शाळेची फी भरणारे पालक बहुतांशी शेतकरी किंवा शेतकऱ्यांवर चालणारे दुकानदार. जूनमध्ये थोडी रक्कम भरून प्रवेश होतो, उरलेली फी ‘कापूस विकला की देतो’ या शब्दावर थांबते, आणि म्हणून ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत शिक्षिकांचा पगार दीडदोन महिने मागे पडणे हा त्या शाळेचा रिवाजच झाला होता. शिक्षणहक्क कायद्याखाली २५ टक्के जागांवर दिलेल्या प्रवेशांच्या प्रतिपूर्तीची शासनाकडील थकबाकी हे संस्थेचे दुसरे कारण असे. त्यात तथ्यही होते, पण ते शिक्षिकांना पगार न मिळाल्यावरच आठवे. सारांश, या घरात मिळवते हात तीन होते आणि नोकऱ्या दोन होत्या, तरी उत्पन्नाचा झरा एकच होता. तो आटला की तिन्ही ठिकाणी एकाच वेळी आटत असे. ज्या वर्षी घराला पगाराची सर्वाधिक गरज, त्याच वर्षी पगार थकलेला.

सरकारी आणि खाजगी नोकरीची तुलना करताना आपण ‘सुरक्षितता’ हा शब्द वापरतो, पण त्यात नोकरी जाण्याची भीती नसणे एवढेच अभिप्रेत असते. शेतकरी कुटुंबासाठी सुरक्षिततेचा अर्थ वेगळा आहे : आपले शेत ज्या कारणाने बुडते त्या कारणाशी ज्याचा संबंध नाही असे उत्पन्न. पुण्यातील अभियंत्याला, ज्याचे वडीलही नोकरीत होते, हा मुद्दा फारसा लागू पडणार नाही. त्याने पगाराचे आकडे आणि बढतीची गती पाहून निर्णय घ्यावा. तालुक्याच्या गावात मात्र जिनिंग असो, कृषी केंद्र असो, गाड्यांची एजन्सी असो किंवा कॉन्व्हेंट, बहुतेक खाजगी नोकऱ्या त्याच पिकाच्या पैशावर उभ्या असतात.

२०२४-२५ च्या हंगामाने हे तपासून दाखवले. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना या कुटुंबाचा माल व्यापाऱ्याकडे चार हजारांच्या आसपास गेला. कापसाचा उतारा कमी आला. कृषी केंद्राची वसुली तुंबल्याने पतीचे कमिशन बुडाले आणि जानेवारीचा पगार मार्चमध्ये झाला. सासऱ्यांच्या नावावर १ लाख १० हजारांचे पीक कर्ज होते. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शेतकऱ्याला शून्य टक्के व्याज पडते. मुदत चुकली की सवलत जाते, खाते थकीत होते आणि पुढच्या खरिपाचे नवे-जुने, म्हणजे जुने कर्ज भरून नवे उचलणे, अडते. मार्चअखेर घरात कसेबसे ७०,००० रुपये जमले होते. उरलेले ४०,००० शिक्षिकेने जिवतीहून पाठवले, मानधनातून साठवलेले. ते नसते तर ही रक्कम मायक्रोफायनान्सच्या गटातून चोवीस टक्क्यांच्या आसपास व्याजाने उचलावी लागली असती किंवा त्याहून वाईट दाराशी जावे लागले असते. वर्षाचा वीस हजारांचा तोटा आणि योग्य महिन्यात हाती असलेले चाळीस हजार यांतले कोणते मोठे, हे नुसत्या बेरजेने ठरत नाही.

कोरोनाच्या काळात हाच फरक आणखी उघडपणे दिसला होता. मार्च २०२० चे वेतन टप्प्यांनी देण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला, तेव्हा ‘अ’ आणि ‘ब’ गटाला पहिल्या टप्प्यात निम्मे आणि ‘क’ गटाला ७५ टक्के वेतन मिळणार म्हणून केवढा गहजब झाला; उरलेले पुढे मिळालेच. त्या वेळी या शिक्षिकेला कॉन्व्हेंटने ऑनलाइन वर्ग घ्यायला लावून अनेक महिने काहीच दिले नाही, आणि नंतर ‘मागचे विसरा’ असे तोंडी सांगितले.

तीन वर्षे संपल्यावरचे गणित तर सोपे आहे. प्राथमिक शिक्षकाची सातव्या वेतन आयोगाची श्रेणी एस-१०, म्हणजे मूळ वेतन २९,२०० पासून पुढे. जानेवारी २०२५ पासूनचा ५५ टक्के महागाई भत्ता धरला तर १६,०६० रुपये त्यात मिळतात आणि बेरीज ४५,२६० होते. घरभाडे भत्ता वेगळा. निवृत्तिवेतनाच्या बाबतीत मात्र गावातली समजूत दुरुस्त करायला हवी. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्यासाठी अंशदायी योजना आहे, जीत कर्मचाऱ्याचे १० टक्के आणि शासनाचे १४ टक्के जमा होतात. याच प्रश्नावर मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. तरीही वरच्या वेतनावर शासनाचा १४ टक्के हिस्सा महिन्याला ६,३०० रुपयांच्या वर जातो, म्हणजे कॉन्व्हेंटच्या संपूर्ण हातच्या पगाराच्या दोनतृतीयांशाहून अधिक.

कॉन्व्हेंटमध्ये भविष्य निर्वाह निधी कापलाच जात नव्हता. ग्रॅच्युइटीचा हक्क खाजगी शाळांतील शिक्षकांना २००९ च्या दुरुस्तीने, ३ एप्रिल १९९७ पासून मागील प्रभावाने मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये तो कायम केला. सहा वर्षांची सेवा आणि ९,००० चा पगार धरला, तरी पंधरा-छेद-सव्वीसच्या सूत्राने ३१,००० रुपयांच्या वर रक्कम निघते. पगारपत्रकावरचा आकडा धरला तर त्याच्या दुपटीहून जास्त. शिक्षिकेने ती मागितली नाही. शाळेने राजीनाम्याचा जो मजकूर टाइप करून दिला होता, त्याच्या शेवटच्या ओळीत ‘माझे संस्थेकडे कोणतेही येणे बाकी नाही’ असे होते, आणि अनुभवाचे प्रमाणपत्र त्या सहीनंतरच मिळणार होते.

सरकारी बाजू म्हणजे सगळे गोड आहे असे मानण्याचे कारण नाही. मार्च २०२४ मध्ये शिक्षिका रुजू झाल्यावर त्यांचा शालार्थ आयडी तयार होईपर्यंत मानधन निघाले नाही. चार महिन्यांचे पैसे जुलैत एकदम आले आणि तोपर्यंतचा खर्च माहेरच्या उसनवारीवर चालला. दोन शिक्षकी शाळेत पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस या शाळांच्या माहिती प्रणालीत भरायची माहिती, निवडणुकीची कामे आणि निरनिराळ्या ॲपवर भरायचे फोटो यांत शिकवण्याचा वेळ जातो, ही त्यांची तक्रार कॉन्व्हेंटमध्ये कधीच नव्हती. तेथे निदान वर्गावर कोणी हात घालत नसे, असे त्या सांगतात. पटसंख्या हा दुसरा घोर. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटानुसार शिक्षकपदे ठरवण्याच्या, निर्णयानंतर कमी पटाच्या शाळांतील पदे कमी होण्याची टांगती तलवार आहे. मात्र पद गेले तरी नियमित शिक्षक अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत समायोजित होतो, घरी बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण व्हावे असे म्हटले, तेव्हा तालुक्यातील ज्येष्ठ गुरुजींची झोप उडाली. या शिक्षिका ती आधीच उत्तीर्ण असल्याने निर्धास्त राहिल्या. मुलीला त्यांनी पहिले वर्ष आजीकडे ठेवले आणि दुसऱ्या वर्षी सोबत नेले. त्या पहिल्या वर्षाची किंमत कोणत्याही कोष्टकात बसत नाही आणि ती बसवण्याचा प्रयत्न येथे केलेला नाही.

माझ्या मते या प्रकरणात टीका व्हायला हवी ती सर्वांत जास्त मानधनाच्या तीन वर्षांवर. शिक्षक पूर्ण अर्हतेचा, काम पूर्ण वेळेचे, जबाबदारी शेजारच्या वर्गातील नियमित शिक्षकाइतकीच, आणि मोबदला त्याच्या जवळपास तिसरा हिस्सा. कॉन्व्हेंटचा चालक रांगेकडे बोट दाखवून ९,००० देतो; शासनही त्याच रांगेकडे पाहून १६,००० ठरवते. फरक इतकाच की शासनाच्या दाराच्या पलीकडे वेतनश्रेणी आहे आणि ती दिसत असल्यामुळे तीन वर्षे माणूस तोंड मिटून काढतो. ज्या घरात मागे पाच एकर, पाठीशी माहेर आणि मुलगी सांभाळायला आजी नाही, त्या घरातील निवड झालेली मुलगी या तीन वर्षांचे अंतर कसे कापणार? अशा काही जणी आदेश हातात घेऊनही दूरच्या तालुक्यात रुजू झाल्या नाहीत, हे याच भागात ऐकायला मिळते.

२०२५ च्या खरिपात ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीने केळापूर तालुक्यातील सोयाबीन पुन्हा हातचे गेले. त्यातच केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले आणि बाजारातला भाव ८,११० च्या हमीभावाच्या बराच खाली राहिला. घरचा कापूस या वेळी सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) देण्यासाठी पतीने मोबाइलवर नोंदणी केली आहे. कृषी केंद्राच्या मालकाने दिवाळीनंतर पगार २,००० रुपयांनी कमी करण्याचे बोलून दाखवले आहे. नोकरी सोडून गडचांदूरकडे काही पाहावे का, यावर नवरा-बायकोत विचार सुरू आहे, कारण शिक्षिकेला आंतरजिल्हा बदली मागायची झाली तरी आधी मार्च २०२७ मध्ये सेवेत कायम व्हावे लागेल. सासऱ्यांनी पुढच्या हंगामासाठी दोन एकर बटईने देण्याचे ठरवले असून उरलेल्या तीन एकरांच्या बियाण्याचे पैसे सुनेने डिसेंबरच्या मानधनातून बाजूला काढले आहेत.